उष्मांक : खाण्याचा, इंधनाचा आणि इमारतीचा

विचारणा : एका कार्यालयाच्या इमारतीचा ऊर्जा-तपासणी अहवाल मराठीत करते आहे. जनरेटरचं डिझेल, कँटीनचा गॅस आणि वीज अशी तिन्ही खाती त्यात आहेत. इंधनाच्या 'कॅलरिफिक व्हॅल्यू'साठी उष्मांक लिहू का? उष्मांक म्हटलं की लोकांना आहारतज्ज्ञ आठवतात.

प्रतिसाद १ : खुशाल लिहा. दोन्ही वापर रूढ आहेत आणि वाक्यात ते आपोआप वेगळे पडतात. 'या लाडवात किती उष्मांक आहेत?' इथे ते एकक आहे, म्हणून अनेकवचन. उष्मांक म्हणजे तिथे किलोकॅलरी, एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवण्याइतकी उष्णता. 'कोळशाचा उष्मांक' मात्र एकवचनी, कारण तो गुणधर्म झाला : किलोभर कोळसा पूर्ण जळल्यावर किती उष्णता मिळते ते. वाचक नवखा असेल तर पहिल्या वेळी 'इंधनाचा उष्मांक' असं लिहा, पुढे नुसतं चालेल.

प्रतिसाद २ : मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. शब्द बरोबर आहे, पण त्याच्यामागे 'एकूण' की 'निव्वळ' हे लागलंच पाहिजे. शेवटच्या मिलमधून निघालेला बगॅस, म्हणजे ऊस पिळून उरलेला चोथा, हातात घेऊन दाबला तर तळवा दमट होतो. त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. कोरड्या बगॅसचा एकूण उष्मांक किलोला साधारण ४,६०० किलोकॅलरी. तोच ओला, ५० टक्के पाण्यासकट, २,३००च्या आत येतो. त्यातूनही ते पाणी, शिवाय बगॅसमधल्या हायड्रोजनपासून जळताना तयार झालेलं पाणी, वाफ होऊन चिमणीतून जातं आणि आपली उष्णता घेऊन जातं. ती वजा केली की निव्वळ उष्मांक १,८००च्या आसपास उरतो. तीन आकडे, तिन्ही खरे, इंधन एकच! प्रयोगशाळेतल्या बाँब कॅलरीमापकात, म्हणजे बंद भांड्यात इंधन जाळून उष्णता मोजणाऱ्या उपकरणात, वाफेचं परत पाणी होतं, म्हणून तिथून येतो तो एकूण उष्मांक. आपल्याकडे कोळशाची जी-१ ते जी-१७ ही प्रतवारीसुद्धा एकूण उष्मांकावर असते. जी-१ म्हणजे किलोला ७,००० किलोकॅलरीच्या वर.

विचारणा : मग तिन्ही खाती युनिटमध्ये आणून बेरीज केली तर? शिवाय मूळ अहवालात एसीसाठी 'टन' आणि 'बीटीयू' आहे, त्याचं काय करू?

प्रतिसाद १ : दोन्ही तसेच ठेवा, बाजारात तेच चालतात. बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवणारी उष्णता, सुमारे १,०५५ जूल. टन आला बर्फावरून : २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो वेग, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू किंवा साडेतीन किलोवॅट. पण ही खोलीतून उपसलेली उष्णता झाली. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो, वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खातो. तेव्हा 'क्षमता' आणि 'वीजवापर' हे शब्द एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका.

प्रतिसाद २ : बेरजेबद्दल. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, हे रूपांतर अचूक आहे. पण ते युनिट कोळशावर तयार करताना वीजकेंद्रात अडीच हजार किलोकॅलरीच्या घरात जाळाव्या लागतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये निव्वळ उष्मांकाने १८० युनिटइतकी उष्णता आहे, म्हणून ती १८० युनिट विजेच्या बरोबरीची धरू नका. इमारतींची तुलना 'दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट' या निर्देशांकाने होते; तिथे 'मीटरवरची ऊर्जा' की 'मूळ इंधनाची ऊर्जा' हे रकान्याच्या शीर्षकातच लिहा, आणि डिझेल-गॅससाठी एकूण की निव्वळ हे त्याच्या खाली.