जेंटू पेंग्विन एक की चार? माझ्या मते चार

शिवडीचा_बगळा:
मंडळी, राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आल्यापासून मुंबईकरांना त्यांचं भारी कौतुक. पण बहुतेकांच्या लेखी पेंग्विन म्हणजे पेंग्विन, म्हणून हा धागा. २०२० मध्ये बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलं की जेंटू ही एक प्रजाती नसून चार आहेत. फॉकलंडकडची, दक्षिण जॉर्जिया बेटाची, अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडची आणि पार हिंदी महासागराच्या दक्षिणेला कर्ग्युलेन बेटांवरची. पुरावा डीएनएचा, शिवाय संग्रहालयांतल्या सांगाड्यांच्या मापांचा. जेंटू सहसा वर्षभर आपल्या वसाहतीजवळच्या पाण्यात राहतो. बाहेरचं रक्त मिसळत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी फरक साठत गेला. चार नावं द्यायला हरकत काय?

खोताची_वाडी:
हरकत आहे. बेटावर अडकून पडलं की फरक पडणारच. पण कर्ग्युलेनचा नर आणि फॉकलंडची मादी समोरासमोर आली तर जोडी जमणार नाही, हे कुणी पाहिलंय? नुसत्या डोळ्यांनी हे चौघे ओळखून दाखवा. नवं नाव दिलं की शोधनिबंधाला भाव येतो, बाकी काही नाही.

शिवडीचा_बगळा:
जोडी जमणं हीच कसोटी धरली तर आपले हम्बोल्टच अडचणीत येतील! चिलीच्या दक्षिण भागात हम्बोल्ट आणि मॅजेलनिक शेजारी शेजारी घरटी करतात, कधीकधी संकरही होतो. तरी त्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत हे तुम्हीही मानता.

खोताची_वाडी:
मानतो, कारण त्यांच्या छातीवरचे पट्टे लांबूनही वेगळे दिसतात. हम्बोल्टला एक, मॅजेलनिकला दोन.

अप_स्लो:
महापालिकेने त्या पेंग्विनांवर केलेल्या खर्चाबद्दल कुणी का बोलत नाही?

माधुरी_दादर:
@अप_स्लो, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही भांडायला येते.
मूळ मुद्द्यावर माझं मत बगळ्याच्या बाजूने, पण कारण निराळं. रॉकहॉपर पेंग्विन बघा. सगळे एकत्र मोजत होते तोवर दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्या आणि गॉफ बेटांकडच्या पक्ष्यांचं दुखणं बेरजेत बुडून जायचं. उत्तरेकडचा रॉकहॉपर वेगळा धरल्यावर तो धोक्याच्या यादीत स्वतःच्या नावाने आला. जेंटूचंही तसंच होऊ शकतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर त्यांची संख्या वाढतेय, ते दक्षिणेकडे सरकतायत. या वाढीच्या आड कर्ग्युलेनकडे काय चाललंय ते दिसणार नाही.

खोताची_वाडी:
माधुरीताई, संरक्षण करायला नाव बदलावं लागतं हेच मला पटत नाही. वसाहत मोजा, वसाहत वाचवा. एम्परर पेंग्विनमध्येही निदान चार जनुकीय गट सापडलेत, अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रातला त्यातलाच एक. त्यांचे चार एम्परर कुणी केले का? मग जेंटूवरच ही मेहेरबानी का?

शिवडीचा_बगळा:
प्रश्न रास्त. पण नुसते गट मोजून चालत नाही, फारकत किती जुनी तेही बघावं लागतं. एम्पररचे गट मागच्या हिमयुगात मोजक्या ठिकाणी तगून राहिलेल्या पक्ष्यांपासून आलेत. जेंटूचे फाटे त्याच्याही आधीचे.
आणि समुद्र आडवा आला म्हणून फरक पडला, हे अर्धंच उत्तर. त्याच दक्षिण महासागरातले किंग पेंग्विन घ्या. हजारो किलोमीटर दूरच्या बेटांवरच्या वसाहतींत जनुकीय फरक अगदी नगण्य, कारण हे पक्षी भक्ष्यासाठी लांब लांब पोहत जातात आणि मिसळतात. पाणी तेच, राहणी वेगळी. किंगची गावं नकाशावर कितीही लांब असोत, त्यांच्यात सोयरीक चालू आहे. जेंटूंची कधीच तुटली.

खोताची_वाडी:
सोयरीक तुटली हे मान्य. त्यांना उपप्रजाती म्हणा, माझी तक्रार नाही. प्रजाती म्हणायला मात्र मला त्यांचे आवाज ऐकायचेत. पेंग्विन गर्दीत जोडीदाराला आवाजावरून ओळखतो. चारही ठिकाणच्या हाका वेगळ्या निघाल्या आणि एकमेकांच्या हाकेला ते दाद देत नाहीत असं दिसलं, तर मी मत बदलेन. तोवर माझ्यापुरता जेंटू एकच.