खेळाडू 'ट्रेड' केला, म्हणजे मराठीत नेमकं काय केलं?

नवखा प्रेक्षक

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या २०२२ च्या हंगामावर लेख लिहितोय. वाचणाऱ्यांत निम्मे आईवडील, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली ढकलाढकली. अडलंय या वाक्यापाशी: 'खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या, महागडा करार असलेल्या व्हेटरन क्वार्टरबॅकला ट्रेड करणं संघाला जमलं नाही.' (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू.) 'ट्रेड'ला 'व्यापार' लिहिलं तर बायको हसली. चांगला शब्द आहे का? व्हेटरन, इंजर्ड, डेड मनी यांनाही सुचवा.

खडूस मास्तर

वहिनींचं बरोबर आहे. माणसांचा व्यापार म्हटलं की पोलिसांत तक्रार करावीशी वाटते.

'सौदा' घ्या. सौद्याबरोबर क्रियापदं आयती येतात. सौदा ठरतो, पटतो, फिसकटतो, मोडतो. 'सौदा पटला नाही' या तीन शब्दांत तुमचं अर्धं वाक्य बसतं. फक्त 'खेळाडूचा सौदा केला' असं लिहू नका, त्याला विकून खाल्ल्यासारखं वाटतं. 'दोन संघांत सौदा ठरला' असं लिहा. सौदा संघांचा असतो, माणसाचा नाही.

चिवडा पार्सल

'अदलाबदल' का नको? पेपरात वाचलंय.

खडूस मास्तर

अदलाबदलीत दोन्ही हातांत सारख्या जातीची वस्तू लागते. २०२१ मध्ये डेट्रॉइटने मॅथ्यू स्टॅफर्ड दिला आणि लॉस एंजेलिस रॅम्सने जॅरेड गॉफ दिला, क्वार्टरबॅकला क्वार्टरबॅक. तिथे शब्द शोभतो. पण तिथेसुद्धा रॅम्सला गॉफच्या वर नवोदित खेळाडू निवडायचे पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि तिसऱ्या फेरीचा एक हक्क द्यावा लागला. एरवी खेळाडूच्या बदल्यात मिळतो तो पुढच्या वर्षीच्या नवोदितांमधून कुणाला तरी निवडायचा हक्क. तो 'कुणीतरी' अजून कॉलेजात असतो. त्याला अदलाबदल कसं म्हणणार?

मंत्रालय ते मॅनहॅटन

सगळे सरकारी नोकरीतल्या शब्दाला विसरलात. बदली!

मी गंमत करत नाहीये. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, खेळाडूला विचारत नाहीत. सकाळी फोन येतो, संध्याकाळी दुसऱ्या शहरात. पगार मूळ करारात असेल तोच, सेवा अखंड, फक्त कार्यालय बदललं. आपल्याकडे याला बदलीच म्हणतात. वशिला असलेल्यांनाच नको तिथली बदली टाळता येते. त्यांच्याकडे याला करारातली 'नो-ट्रेड'ची अट म्हणतात, आणि ती मोजक्याच बड्या खेळाडूंना मिळते.

चिवडा पार्सल

पण 'बदली खेळाडू' म्हणजे आपल्याकडे राखीव, ऐनवेळी मैदानात उतरणारा. 'क्वार्टरबॅकची बदली' असं लिहिलं तर माझे बाबा म्हणतील, मग कोण आला खेळायला?

मंत्रालय ते मॅनहॅटन

हं. हे मात्र खरं. त्यातून या प्रकरणात राखीव क्वार्टरबॅकचंच सगळं रामायण आहे, म्हणजे गोंधळ नक्की. मागे घेतो, पण जड मनाने.

आयपीएलला हा शब्द लागू पडला नसता हेही खरं. तिथे ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे परतला तो काही आदेश निघाला म्हणून नव्हे. आणि त्या व्यवहारात बदल्यात खेळाडू नव्हताच, रोख रक्कम होती. मराठी पेपरांनी सरळ 'ट्रेड' छापलं आणि कुणाचं काही अडलं नाही.

सांता क्लारा रहिवासी

फोर्टीनाइनर्सच्या स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर राहतो, म्हणून जरा जास्त लिहितो. आधी प्रकरण नीट मांडू, कारण शब्द कुठला हवा हे तिथेच कळतं.

तुमच्या वाक्यातला क्वार्टरबॅक म्हणजे जिमी गॅरोपोलो. त्याला फोर्टीनाइनर्सनी न्यू इंग्लंडच्या संघाकडून ऑक्टोबर २०१७ मध्ये घेतलं, दुसऱ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात. फेब्रुवारी २०१८ मध्ये पाच वर्षांचा, १३ कोटी ७५ लाख डॉलरपर्यंत जाणारा करार केला. त्याच सप्टेंबरात डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. पुढच्या हंगामात तो संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला, तिथे कॅन्सस सिटीकडून ३१–२० हरले. २०२० मध्ये घोटा दुखावला. मार्च २०२१ मध्ये संघाने पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि वर तिसऱ्या फेरीचा एक मायामीला देऊन तिसऱ्या क्रमांकाची निवड मिळवली आणि ट्रे लॅन्स नावाचा पोरगा आणला. म्हणजे जिमीला निरोपाचा नारळ द्यायचं ठरलंच होतं, प्रश्न फक्त तो कुणाच्या गळ्यात बांधायचा हा होता.

२०२२ साठी त्याचा मूळ पगार २ कोटी ४२ लाख डॉलर. त्या वर्षी अख्ख्या संघाची पगारमर्यादा २० कोटी ८२ लाख. ५३ जणांच्या संघात एकट्याचा वाटा किती, ते तुम्हीच बघा.

आता गंमत वेळेची आहे. मार्चमध्ये क्वार्टरबॅकचा बाजार भरतो आणि दोन-तीन आठवड्यांत उठतो. रसेल विल्सन डेन्व्हरला गेला, कार्सन वेन्ट्झ वॉशिंग्टनला, डेशॉन वॉटसन क्लीव्हलंडला, मॅट रायन इंडियानापोलिसला. नेमक्या त्याच मार्चमध्ये जिमीच्या उजव्या, म्हणजे चेंडू फेकायच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. हात झोळीत असलेल्या माणसाला कोण घेणार? सौदा झाला तरी घेणारा संघ आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतो आणि त्यात तो नापास झाला की सगळं रद्द. तो फेकायला लागेपर्यंत जुलै उजाडला. तोवर खुर्च्या भरलेल्या.

शिवाय बाकीचे संघ सूज्ञ. त्यांना माहीत होतं की हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो यादीत राहिला तर वर्षभराचा पगार पक्का होतो, तेव्हा फोर्टीनाइनर्स त्याला त्याआधी सोडणारच. फुकट मिळणार असेल तर हक्क कशाला द्या? शेवटी २९ ऑगस्टला करारच बदलला. मूळ पगार ६५ लाखांवर आला, बाकीचे पैसे खेळला तर. त्याच्या बदल्यात त्याने 'नो-ट्रेड'ची अट लिहून घेतली. पाच महिने ज्याला खपवायचा प्रयत्न चालला, तोच आता संमतीशिवाय हलवता येणार नाही असा झाला!

म्हणून माझं मत: तुमच्या वाक्यात 'ट्रेड'ला प्रतिशब्द शोधूच नका. कथनात 'दुसऱ्या संघाला देणं' म्हणा, वाटाघाटींसाठी 'सौदा' म्हणा, आणि अटीचं नाव घ्यायचं तिथे 'ट्रेड' ठेवा. एकाच शब्दाला सगळीकडे जुंपू नका.

कट्ट्यावरची मावशी

'खपवणं' हाच खरा शब्द आहे की! वरच्या आख्ख्या उत्तरात तुम्ही एकदाच वापरलात आणि तिथेच मला सगळं समजलं.

सांता क्लारा रहिवासी

मावशी, अंकात मंडळाच्या अध्यक्षांना चालेल का ते बघा. ते फोर्टीनाइनर्सचे पक्के चाहते आहेत.

पासबुकवाले काका

'डेड मनी'बद्दल. कुणीतरी 'बुडीत पैसा' लिहील, त्याआधी सांगतो. बँकेत पस्तीस वर्षं काढली. बुडीत म्हणजे आपलं येणं बुडालं. इथे उलट आहे. करारावर सही करतानाच मोठी रक्कम खेळाडूला देऊन टाकलेली असते, पण हिशेबात ती जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागून दाखवतात. खेळाडू मध्येच दुसऱ्याला दिला की उरलेले हप्ते जुन्या संघाच्या पगारमर्यादेत एकदम येऊन आदळतात. पैसा बुडालेला नाही, तो कधीच खर्च झालाय. फक्त त्याची जागा अडलेली आहे.

'बोजा' म्हणा. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढवतात तो शब्द. फरक एवढाच की जमिनीचा बोजा जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जातो, आणि हा बोजा जुन्या मालकाच्याच उताऱ्यावर राहतो. म्हणून 'मागे राहिलेला बोजा'.

सांता क्लारा रहिवासी

काका, सुरेख. मॅट रायनचं उदाहरण तंतोतंत बसतं. त्याच मार्चमध्ये अटलांटाने तो तिसऱ्या फेरीच्या एका हक्कावर इंडियानापोलिसला दिला आणि स्वतःच्या डोक्यावर ४ कोटी ५ लाख डॉलरचा बोजा ठेवून घेतला. पगारमर्यादेचा जवळपास पाचवा हिस्सा, न खेळणाऱ्या माणसापायी.

पण लेखकाला सांगायला हवं: जिमीच्या बाबतीत हा बोजा जेमतेम १४ लाखांचा होता. तेव्हा तुमच्या लेखात 'डेड मनी' हा शब्द मुळात यायचं कारण नाही. तिथे अडचण खांद्याची आणि चालू पगाराची. पगाराचा बोजा आणि मागे राहिलेला बोजा यांची सरमिसळ इंग्रजीत लिहिणारेही करतात.

नवखा प्रेक्षक

हे मी खरंच एक समजत होतो. मग चालू पगार जड होत असेल तर विकणाऱ्याने वर पैसे द्यायचे, असं होतं का?

सांता क्लारा रहिवासी

त्याच उन्हाळ्यात झालं. बेकर मेफिल्ड, क्लीव्हलंडचा. त्याच्या न फेकणाऱ्या, डाव्या खांद्यावर जानेवारीत शस्त्रक्रिया झालेली. पगार १ कोटी ८८ लाखांच्या वर, आणि पूर्ण हमीचा, म्हणजे सोडला तरी द्यायचाच. जुलैत तो कॅरोलायनाला गेला. त्यातले सुमारे १ कोटी ५ लाख क्लीव्हलंडनेच भरले, कॅरोलायनाने त्याच्या निम्म्याहून कमी, आणि ३५ लाखांवर मेफिल्डने स्वतः पाणी सोडलं. बदल्यात क्लीव्हलंडला काय? २०२४ सालचा पाचव्या फेरीचा एक हक्क, तोही मेफिल्ड पुरेसा खेळला तर चौथ्या फेरीचा होईल अशा अटीवर.

खडूस मास्तर

याला मराठीत 'पदरमोड करून देणं' म्हणतात. झालं.

कट्ट्यावरची मावशी

'इंजर्ड'चं कुणीच घेतलं नाही. पेपरात 'जायबंदी' असतं, मला तो शब्द फार आवडतो. लहानपणी वाटायचं की जायबंदी म्हणजे कुठलं तरी पद.

खडूस मास्तर

जायबंदी म्हणजे आत्ता खेळू शकत नाही असा. 'जखमी'ला रक्त लागतं, नाहीतर निदान अपघात. 'दुखापतग्रस्त' हा बातमी लिहिणाऱ्यांचा शब्द, बरोबर आहे पण जिभेवर येत नाही. आणि या प्रकरणात तिन्ही चुकीचे. मार्चमध्ये जिमी जायबंदी होता, ऑगस्टमध्ये नव्हता, तरी सौदा झाला नाही. तुमच्या मूळ वाक्यातलं 'खांद्याची शस्त्रक्रिया झालेला' हेच सगळ्यात नेमकं. ते काढून विशेषण घालू नका.

मंत्रालय ते मॅनहॅटन

यात पैशाचाही मुद्दा आहे. एनएफएलच्या करारात हमी एकाच जातीची नसते. खेळ खालावला म्हणून काढलं तर, पगारमर्यादेत बसत नाही म्हणून काढलं तर, आणि दुखापत झाली तर, अशा तीन वेगळ्या हम्या असतात. तिन्ही असल्या तरच 'पूर्ण हमी'. नुसतं 'हमीचे पैसे' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल सगळे पैसे पक्के. 'दुखापतीपुरती हमी' असा शब्द लेखात एकदा तरी वापरा.

चिवडा पार्सल

व्हेटरन = ज्येष्ठ?

सांता क्लारा रहिवासी

ज्येष्ठ म्हटलं की बसच्या तिकिटात सवलत आठवते. जिमी तेव्हा तीस वर्षांचा होता. एनएफएलच्या नियमांत चार हंगामांची सेवा भरली की खेळाडू त्या अर्थाने व्हेटरन होतो, मग वय पंचवीस का असेना. वर म्हटलेला पहिल्या सामन्याला पगार पक्का होण्याचा नियम त्यांच्याचसाठी आहे. नियमाबद्दल बोलताना 'चार हंगाम पुरे केलेला' लिहा. एरवी 'अनुभवी' पुरे. 'मुरलेला' जास्त छान, पण तो कौतुकाचा शब्द आहे, आणि जिमीबद्दल इथले लोक कौतुक जरा हात राखूनच करतात.

पासबुकवाले काका

आणि 'दशलक्ष' लिहू नका हो. कोटी-लाखात लिहा, आईवडील वाचणार आहेत.

नवखा प्रेक्षक

लिहितो, काका. शेवटचं एक. लेखाचा शेवट हंगामाबरोबर करायचा की पुढचं प्रकरणही घ्यायचं? लॅन्सचा घोटा दुसऱ्याच सामन्यात मोडला, खपत नसलेला जिमी पुन्हा मैदानात आला, डिसेंबरमध्ये त्याचं पाऊल मोडलं आणि २६२ वा, म्हणजे सगळ्यात शेवटी निवडलेला ब्रॉक पर्डी खेळायला लागला. पुढच्या मार्चमध्ये लास व्हेगास रेडर्सनी जिमीला तीन वर्षांसाठी घेतलं, ७ कोटी २७ लाखांच्या वर. पण त्या मोडलेल्या पावलामुळे करारात एक 'वेव्हर' घातला. त्याला काय म्हणू? 'माफी'?

मंत्रालय ते मॅनहॅटन

माफी नको, ती कर्जाची किंवा फीची. इथे खेळाडूने लिहून दिलं की पाऊल संघाच्या तपासणीत पास झालं नाही तर मला पैसे न देता सोडलंत तरी चालेल. हे 'हक्कसोड'. वारसाहक्काच्या कागदात असतं तेच, हक्कसोडपत्र. बहीण भावाला लिहून देते ना?

पासबुकवाले काका

हक्कसोडपत्र कायमचं असतं आणि बिनशर्त. इथे अट आहे. पाऊल बरं झालं, तपासणीत पास झाला की पैसे चालू. 'सशर्त हक्कसोड' लिहा, नाहीतर कुणीतरी वकील वाचक पत्र पाठवेल.

कट्ट्यावरची मावशी

वकील वाचक मीच आहे. 'सशर्त' ठेवा.