प्रीकास्टचं काम पहिल्यांदाच घेतोय, धोका नक्की कुठे असतो?

साईटमास्तर: नमस्कार मंडळी. आजवर सगळी कामं साईटवर शटरिंग लावून कॉंक्रीट ओतूनच केली, आता ७ मजल्यांचं एक काम आलंय आणि मालकाला भिंती, स्लॅब, जिने सगळं प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यातून तयार होऊन हवंय. वेळ वाचतो हे पटतं, पण रेट कसा भरायचा तेच कळेना. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, अडकायला कुठे होतं?

जुनाठेकेदार: दादा, पहिला फटका आम्हाला पायाशीच बसला. फाउंडेशनमधून वर काढलेल्या सळया २०-२५ एमएम सरकल्या होत्या, नेहमीच्या कामात एवढं चालून जातं, पण इथे पॅनलच्या (कारखान्यातून आलेल्या भिंतीच्या तुकड्याच्या) स्लीव्हमध्ये, म्हणजे सळई आत घेणाऱ्या पोकळ नळीत, सळई जाईचना. क्रेनला पॅनल लटकतोय, खाली माणसं ताटकळलीत, आणि कुणीतरी म्हणतं कापून टाका सळई. मी कापू दिली नाही, पॅनल परत खाली ठेवला, दिवस गेला तो गेला. स्टार्टर बारला, म्हणजे पायातून वर काढलेल्या या सळयांना, जागेवर धरणारं टेम्प्लेट लावा आणि कॉंक्रीट ओतायच्या आधी स्वतः मोजा, दुसऱ्यावर सोडू नका.

बिलवाला: माझं मत पैशावर. साच्यांसाठी कारखाना ॲडव्हान्स मागतो, पॅनल ओतले की पुढचा हप्ता मागतो, आणि मालक म्हणतो माल साईटवर दिसल्याशिवाय बिल पास करणार नाही. मधले महिने तुमच्या खिशातून. त्यात कारखाना बंद पडला तर दुसरा कुणी पुढचे पॅनल लगेच देऊ शकत नाही, साचे वेगळे, सांध्याचं डिटेल वेगळं. कारखान्यात पडलेल्या मालाचंही पेमेंट मिळेल असं करारात लिहून घ्या, नाहीतर हात लावू नका. आणि शॉप ड्रॉइंगवर (कारखाना ज्यावरून पॅनल बनवतो त्या नकाशावर) सही झाल्यावर मालकाने खिडकी सरकवली तर खर्च कुणाचा, तेही आधीच.

साईटमास्तर: हे डोक्यातच नव्हतं, आभार. क्रेनचं काय? आमच्याकडे एक आहे, चालेल?

क्रेनखाली_१८_वर्षं: आधी वजन काढा. ६ मीटर लांब, ३ मीटर उंच, १५० एमएम जाड पॅनल म्हणजे २.७ घनमीटर, जवळपास पावणेसात टन, वर उचलायच्या स्लिंग-बीमचं वजन वेगळं. क्रेनवर लिहिलेले टन हे बूम जवळ असतानाचे असतात, लांबच्या कोपऱ्यात तेच क्रेन त्यातलं थोडंच उचलतं, म्हणून सगळ्यात लांब आणि सगळ्यात जड पॅनल कुठला ते शोधून क्रेनचा लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलतं त्याचा तक्ता) बघा. वारा सुटला की काम बंद, ते दिवस शेड्यूलमध्ये धरा.

पण मला खरी भीती सांध्यांची वाटते. १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली प्रीकास्ट इमारतीत १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, भिंतीचे पॅनल बाहेर फेकले गेले आणि तो अख्खा कोपरा एकावर एक खाली आला, ४ माणसं गेली. लोक राहायला येऊन दोनच महिने झाले होते. पुढे १९८६ ला इमारत एकेक मजला करून उतरवली तेव्हा सांध्यांचं काम निकृष्ट निघालं. बाहेरून कुणाला दिसणार होतं ते?

म्हणून सळई बसली की स्लीव्हमध्ये ग्राऊट (सिमेंटचा पातळ मसाला) खालच्या भोकातून पंप करायचा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, मगच बूच लावायचं. एकेक स्लीव्हचा फोटो नंबर टाकून ठेवा. ग्राऊटला स्ट्रेंथ येईपर्यंत प्रॉप (पॅनलला लावलेले तात्पुरते टेकू) काढायचे नाहीत, वरून कितीही फोन आले तरी.