एफआयव्हीवाल्या बोक्याचा गजकर्ण
बोक्याच्या गजकर्णावर काय द्यावं, या तुमच्या प्रश्नावर वर कुणीतरी ग्रिझिओफल्विन हे बुरशीनाशक औषध सुचवलंय. तुमचा बोका एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे ते नकोच. अशा मांजरांत त्याने अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशी घसरू शकतात. डॉक्टरांना इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाबद्दल विचारा, यकृतावर लक्ष ठेवून देतात. केमिस्टकडची स्टेरॉइडवाली खाजेची ट्यूब तर लांबच ठेवा. अंगाला लावायचं लाइम सल्फरचं (चुना-गंधकाचं) पाणी मात्र गुणी, फक्त घरभर सडक्या अंड्याचा वास! वन-रूम-किचनमध्ये त्याला वेगळं ठेवायचं कुठे, ही खरी मुंबईची पंचाईत. गळलेल्या केसांवरचे बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. आणि टक्कल भरून आलं तरी कल्चर (बुरशी उरली आहे का, याची लॅब तपासणी) निगेटिव्ह येईपर्यंत औषध स्वतःहून थांबवू नका.