मदत हवी आहे: दुसरा गिअर कुरकुरतो, लगेच गिअरबॉक्स खोलावा का?

मंडळी, गाडी पेट्रोल, मॅन्युअल, बरीच चाललेली. हल्ली सकाळी निघताना पहिल्यावरून दुसरा टाकला की 'कर्रर्र' होतं. गाडी तापली की जवळपास बंद. बाकीचे गिअर लोण्यासारखे पडतात. शिवाय न्यूट्रलमध्ये उभं असताना बारीक घूं घूं ऐकू येते आणि क्लचवर पाय ठेवला की ती गायब होते. मेकॅनिकने चक्कर न मारताच "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं सांगून टाकलं. एवढं मोठं काम काढण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? पुढे मोठं दुखणं होणार असेल तर त्याची कोणती लक्षणं आधी दिसतात? जाणकारांनी कृपया सांगावं.

गिअरप्रेमी: ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. कर्रर्र फक्त दुसऱ्यालाच होत असेल तर संशय सिंक्रोनायझर रिंगवर. गिअर पडताना गिअर आणि शाफ्ट (फिरणारा दांडा) यांचा वेग जुळवून द्यायचं काम तिचं, आणि दुसऱ्याची रिंग बहुधा आधी झिजते. थंडपणी ऑइल घट्ट असतं म्हणून सकाळी जास्त. पडताळा असा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबून दुसरा टाका. असं केल्यावर आवाज नाही आला तर रिंगच.

पण त्याआधी रिव्हर्स बघा. गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. तरीही ओरडला तर क्लच नीट सुटत नाहीये, गिअरबॉक्सला उगाच दोष नको. हायड्रॉलिक (फ्लुइडच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर फ्लुइडची पातळी आणि पेडलच्या वर ओल आहे का तेही पाहा.

धागाकर्ता: रिव्हर्स शांत पडतो. तुम्ही सांगितल्यासारखा दुसरा टाकला तर तोही शांत. म्हणजे रिंगच म्हणायची. आणि घूं घूं?

गिअरप्रेमी: क्लच दाबला की इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा, थांबतो. आवाज तेव्हाच जात असेल तर त्या शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) म्हटलं असतं. न्यूट्रलमधली हलकी खडखड काही गाड्यांत असतेच, ती सोडून द्या. घूं घूं वाढत चालली तर मात्र थांबू नका.

तेलकट हात: आधी ऑइल बघा हो! गाडी सपाट जागेवर उभी करून गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग (ऑइलची पातळी बघायच्या भोकाचं बूच) काढायचा. बहुतेक गिअरबॉक्सना ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत लागतं. कमी असेल तर सील गळतंय का ते शोधा. ऑइल बदललंत तर ड्रेन प्लगचं (ऑइल काढायच्या बुचाचं) चुंबक नीट न्याहाळा. राखाडी, मऊ लेप चालतो. बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत. ऑइलमध्ये पितळी चकाकी दिसली तर रिंग झिजते आहे. आणि गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर दुकानदार "जीएल-५ भारी" म्हणाला तरी घेऊ नका. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत.

नवी चालक: मधेच घुसते, माफ करा. आमची ऑटोमॅटिक आहे. डी टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते, मग धक्का देऊन निघते. हेही तसलंच का?

गिअरप्रेमी: लक्षण वेगळं, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. फ्लुइडची पातळी आणि रंग आधी. काळपट पडलं असेल, जळका वास येत असेल, तर लगेच दाखवा. आरपीएम चढतोय पण वेग नाही, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसतेय, असं दिसलं तर चालवतच राहू नका. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर तिचं फ्लुइड वेगळं असतं, दुसरं भरू देऊ नका.

धागाकर्ता: आभारी आहे. ऑइल बदलून बघतो. चुंबकाचा फोटो इथेच टाकतो. ऑइल बदलल्यावर घूं घूं कमी झाली तर बेअरिंग काही दिवस तसंच चालवलं तर चालेल का?

तेलकट हात: आवाज कमी झाला म्हणून बेअरिंग बरं होत नाही. लांबचा प्रवास टाळा, आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, क्लच न दाबता, आवाजावर कान ठेवा. फोटोची वाट बघतो.