स्टाफरूममधलं "आपल्याकडे असंच चालतं" कसं मोडायचं?

नवा_हेडसर

मुख्याध्यापक होऊन सात महिने झाले. शाळा तशी वाईट नाही, २२ जणांचा स्टाफ, निकाल ठीकठाक. पण प्रत्येकजण आपापल्या वर्गात शिरतो, दार लोटतो, बेल झाली की बाहेर. शेजारच्या वर्गात काय चाललंय कोणाला पत्ता नसतो. मी सुरुवातीच्या उत्साहात नवीन ध्येयवाक्य भिंतीवर रंगवून घेतलं, दर आठवड्याला अनुभव सांगायची मिटिंग ठेवली. मिटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि खरी मिटिंग नंतर स्टाफरूममध्ये होते, माझ्याशिवाय. परवा एक सीनियर मॅडम सरळ म्हणाल्या, "सर, तुमच्याआधी तीन जण आले, तिघांनीही बदल आणला, आम्ही इथेच आहोत." काय बोलणार! आता कडक व्हावं का नाद सोडावा?

खडू_डस्टर

मॅडमनी फुकटात निदान करून दिलंय तुम्हाला, रागावू नका त्यांच्यावर 😀

दार लावून शिकवणं हा तुमच्या स्टाफचा स्वभाव नाहीये हो. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ सालीच लिहून ठेवलंय की शाळेची रचनाच अंड्यांच्या ट्रेसारखी असते, प्रत्येक अंडं आपल्या खाचेत, एकमेकांना धक्का लागू नये म्हणून. टाइमटेबल तसं, इमारत तशी, मग माणसं तशीच होणार ना.

आणि भिंतीवरचं वाक्य म्हणजे वरचा थर. संस्थांच्या संस्कृतीचा अभ्यास करणारे एडगर शाइन संस्कृतीचे तीन थर सांगायचे, डोळ्याला दिसतं ते, आपण तोंडाने सांगतो ते, आणि ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही इतकं गृहीत धरलेलं. तुमच्याकडचं गृहीत काय आहे माहितीये? "अडतंय असं कबूल केलं तर आपल्याला येत नाही असं समजतील." हे जोवर खरं आहे तोवर मिटिंगमध्ये कोण तोंड उघडेल?

ऑफ_तास

मी शिक्षक आहे, मुख्याध्यापक नाही, म्हणून जरा कडू बोलतो. आधी ती मिटिंग बंद करा. अँडी हारग्रीव्ह्ज या शिक्षण-संशोधकांनी याला लादलेलं सहकार्य म्हटलंय, वरून ठरवलेल्या वेळेला, ठरवलेल्या विषयावर, हजेरी लावून केलेली मैत्री. आमच्याकडे एका वर्षात चार उपक्रम आले आणि जुना एकही गेला नाही, वह्या तेवढ्या वाढल्या. काही नवीन आणायचं असेल तर आधी काहीतरी काढून टाका आणि ते सगळ्यांसमोर काढा, मग लोक ऐकतील.

अपूर्णांक

वरचं पटलंच. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. मीपण मुख्याध्यापक, मीपण आधी भाषणंच केली. मग वैतागून एक दिवस म्हटलं की पाचवीचा गणिताचा तास मी घेते, ज्याला यायचं त्याने मागे बसा, आणि माझं कुठे चुकतंय ते लिहा. तिघेजण आले, बहुतेक मजा बघायला. फळ्यावर १/३ आणि १/४ लिहिलं, मोठं कोणतं विचारलं, अख्खा वर्ग ओरडला १/४. कारण तीनपेक्षा चार मोठे. मी चित्र काढलं, परत विचारलं, परत १/४! घाम फुटला मला. तास संपल्यावर एक सर म्हणाले, मॅडम तुमच्या चित्रातले दोन आयत वेगवेगळ्या मापाचे होते, पोरं काय तुलना करणार. बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी ते सगळ्यांना सांगितलं, त्यांचं नाव घेऊन. पंधरा दिवसांनी त्याच सरांनी मला त्यांच्या तासाला बोलावलं.

नंतर कळलं की जपानमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, मिळून पाठ बसवायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी बघायचा, आणि चर्चा पाठावर, माणसावर नाही. व्हिव्हियन रॉबिन्सन या शिक्षण-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही मुख्याध्यापकाने शिक्षकांबरोबर स्वतः शिकायला बसणं, याचाच मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम दिसला.

घाई मात्र करू नका, आमचं पहिलं सत्र आधीपेक्षा वाईट गेलं, सगळेच अवघडलेले.

खडू_डस्टर

विश्वासाचं राहिलंच. शिकागोच्या प्राथमिक शाळांचा ब्रिक आणि श्नायडर या संशोधकांनी १९९० च्या दशकात वर्षानुवर्षं अभ्यास केला. जिथे शिक्षक, मुख्याध्यापक, पालक अशा मोठ्यांचा एकमेकांवर भक्कम विश्वास होता तिथे वाचन-गणित सुधारायची शक्यता दोनात एक, जिथे नव्हता तिथे सातात एक. तेव्हा कडक व्हायचं का विचाराल तर एकाच गोष्टीत व्हा, कोणाच्या तासात जे बघितलं ते पगारवाढीच्या किंवा गोपनीय अहवालाच्या कागदावर जाता कामा नये. एकदा जरी गेलं तर दारं कायमची बंद.

नवा_हेडसर

मिटिंग आजच रद्द केली, टाळ्या पडायच्या बाकी होत्या. गुरुवारी सातवीचा तास घेतोय, भूगोल, पोटात गोळा आलाय. पण एक शंका, उद्या खरंच दोघांना एकमेकांचे तास बघायचे झाले तर त्यांच्या वर्गांवर कोण जाणार? इथे आधीच बदली तासांवरून भांडणं होतात.

अपूर्णांक

तुम्ही जायचं. मी आठवड्याला दोन तास त्यासाठीच मोकळे ठेवलेत, ऑफिसचं काम थांबतं थोडं, थांबू दे. आणि भूगोलाला नकाशा आधी स्वतः फळ्यावर काढून बघा, मुलं हसतात फार.