मुदत मागणे म्हणजे टाळेबंदीला विरोध करणे होते का?

बखरवाचक

२४ मार्च २०२० रोजी, मंगळवारी, रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केले आणि त्याच रात्री बारा वाजल्यापासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. घोषणा आणि अंमल यांच्यात चार तासांचे अंतर होते. देशात तोवर नोंदलेले कोरोनाचे रुग्ण पाचशेच्या आसपास होते. त्या आठवड्यात आपल्या घरांत, सोसायट्यांत आणि वर्तमानपत्रांत ज्या प्रतिक्रिया उमटल्या त्या मी लक्षपूर्वक ऐकल्या आणि वाचल्या होत्या. बहुतेक वाद ‘टाळेबंदी हवी की नको’ एवढ्यापुरताच होता. ‘किती मुदत देऊन’ हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला, आणि ज्यांनी विचारला त्यांना टाळेबंदीचे विरोधक ठरवले गेले.

माझे मत स्पष्ट मांडतो. टाळेबंदी आवश्यक होती, असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. परंतु ज्याच्या घरात महिन्याचा किराणा भरलेला असतो त्याला चार तास पुरतात. ज्याची मजुरी शनिवारी हातात पडते आणि जो मुंबईतल्या एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर पाळीपाळीने झोपतो, त्याला मंगळवारी रात्री आठनंतर काय करता येणार होते? प्रवासी रेल्वेगाड्या तर २२ तारखेपासूनच थांबल्या होत्या. २६ मार्चला केंद्राने १.७० लाख कोटी रुपयांची मदत जाहीर केली आणि त्यात माणशी पाच किलो धान्य मोफत देण्याचे ठरले, पण ज्यांची शिधापत्रिका बिहारमधल्या किंवा विदर्भातल्या गावी राहिली होती, त्यांना ते धान्य मुंबई-पुण्यात कोणत्या दुकानातून मिळणार होते, याचे उत्तर त्या घोषणेत नव्हते.

दक्षिण आफ्रिकेने २३ मार्चला टाळेबंदी जाहीर केली आणि २६ च्या मध्यरात्रीपासून ती लागू केली. म्हणजे मुदत देणे त्या आठवड्यातही अशक्य नव्हते. आपण ती मागितली का नाही, यावर मला चर्चा हवी आहे.

पिंपळपार

बखरवाचक यांच्या तळमळीचा आदर राखून मी विरोधी बाजू मांडतो. मुदत द्यायला हवी होती, हे वाक्य आज सोपे वाटते, पण त्या दिवशी निर्णय घेणाऱ्यांसमोर इटलीचे उदाहरण होते. ७ मार्चच्या रात्री लोम्बार्डी प्रांत बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा आधीच फुटला आणि मिलानच्या स्थानकांवर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या पकडायला लोकांनी धाव घेतली. आपल्याकडे तीन दिवसांची मुदत दिली असती, तर मुंबई, सुरत आणि दिल्लीच्या स्थानकांवर किती माणसे लोटली असती याची कल्पना करा. ज्या तालुक्यात एकही अतिदक्षता खाट नाही, तिथे तो आजार पहिल्याच आठवड्यात पोहोचला असता.

दुसरे असे की, महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ‘चार तास’ हे वर्णनच अपुरे आहे. पुण्यात ९ मार्चला पहिले दोन रुग्ण सापडले. १३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला आणि मोठ्या शहरांतली चित्रपटगृहे व व्यायामशाळा बंद झाल्या. २० तारखेला मुख्यमंत्र्यांनी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील कार्यालये व दुकाने जीवनावश्यक सेवा वगळून बंद ठेवण्याचे जाहीर केले आणि २३ तारखेला राज्यभर संचारबंदी लागली. पायरीपायरीने सूचना मिळत होती. सरकार काय करते आहे हे दहा दिवस दिसत असताना, सगळे अचानक घडले असे म्हणणे योग्य नाही.

बखरवाचक

महाराष्ट्राबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी मूळ लेखनातच मांडायला हवा होता. पण त्याच पायऱ्यांकडे पुन्हा पाहा. २० आणि २१ मार्चला पुणे स्थानकावर आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवर गावी निघालेल्यांची प्रचंड गर्दी झाली होती. ज्यांना इशारा समजला ते निघाले, आणि उरलेल्यांनी निघायचे ठरवेपर्यंत गाड्याच बंद झाल्या. म्हणजे टाळायची होती ती गर्दी झालीच. मागे राहिले ते ज्यांची मजुरी अडकली होती आणि तिकिटापुरते पैसे नव्हते असे लोक.

इटलीच्या उदाहरणाचाही मी वेगळा अर्थ लावतो. टाळेबंदी लागली तेव्हा रुग्ण शेकड्यांत होते. ज्यांना तेव्हा थांबवले, त्यांना १ मेपासून श्रमिक गाड्यांनी पाठवावेच लागले, आणि तोवर मुंबईच्या दाट वस्त्यांत साथ पसरलेली होती. संसर्ग गावी जाऊ नये म्हणून त्यांना थांबवले आणि संसर्ग वाढल्यावर घरी पाठवले, हे मला आजही पटत नाही.

तांबडमाती

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात कामाला होतो. वर झालेल्या चर्चेत ‘सरकार’ हा शब्द एकाच माणसाबद्दल बोलावे तसा वापरला गेला आहे, म्हणून आतून पाहिलेले थोडे सांगतो.

ती घोषणा आम्हीही घरच्या दूरचित्रवाणीवरच ऐकली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी सहाला कार्यालयात बोलावणे आले आणि त्या दिवसापासून पुढचे दोन महिने सुटी कशी असते ते आम्ही विसरलो. जिल्हा परिषदेच्या शाळांत निवारा उघडणे, किराणा दुकानदारांना परवाने देणे, भाजीच्या गाड्या कुठे अडल्या ते शोधणे, गावोगावी बाभळीच्या फांद्या टाकून आणि चर खणून अडवलेले रस्ते मोकळे करून घेणे, अशी कामे एकाच वेळी चालली होती. गावबंदीचा आदेश आम्ही दिलेला नव्हता, ती लोकांनी स्वतःहून केली होती. पुण्याहून आलेल्या सख्ख्या भावाला शिवेवर थांबवणारे लोक मी पाहिले आणि त्यांना दुष्टही म्हणवत नाही. त्यांच्या गावात साधा ताप तपासायला डॉक्टर नव्हता.

म्हणून सरकारने काहीच केले नाही, ही टीका मला लागते. दहा रुपयांची शिवभोजन थाळी पाच रुपयांना झाली आणि आमच्या तालुक्यात अनेकांचा दिवस तिच्यावर निघाला. पण मुदतीबद्दल मात्र बखरवाचक यांचे बरोबर आहे. ज्यांनी अंमल करायचा त्यांनाही मुदत मिळाली नव्हती. दोन दिवस आधी कळले असते तर निवाऱ्याच्या शाळांत पाण्याच्या टाक्या तरी भरून घेता आल्या असत्या.

उत्तरा नक्षत्र

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि या चर्चेत लोकांच्या वागण्याबद्दल फारसे कोणी बोललेले नाही. २२ मार्चला, जनता संचारबंदीच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता आमच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतून टाळ्या आणि थाळ्या वाजल्या तेव्हा मला खरोखर भरून आले होते. आठवड्याच्या आतच त्याच इमारतीतल्या काही रहिवाशांनी मला उद्वाहन वापरू नये असे सुचवले आणि घरमालकांनी जागा सोडण्याविषयी विचारले. मी एकटी नव्हते. देशभर असे प्रकार इतके घडले की, २२ एप्रिलला केंद्राला वटहुकूम काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली.

पिंपळपार यांना मी एक गोष्ट सांगू इच्छिते. पोलीस रस्त्यावरच्या माणसाला काठीने मारताना किंवा उठाबशा काढायला लावताना दाखवणाऱ्या चित्रफिती त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या गटावर येत होत्या आणि त्यांच्याखाली शाबासकी लिहिली जात होती. त्या माणसाला कुठे जायचे होते, हे एकानेही विचारल्याचे मला आठवत नाही. सरकारला मुदत कोणी मागितली नाही, याचे कारण मला इथे दिसते. ज्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचतो, त्यांना मुदतीची गरजच नव्हती.

रानवाट

इथे इतिहासाचा आधार घेतल्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही, कारण १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने जो कायदा वापरला तो १८९७ चा, प्लेगच्या काळातला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला, आणि ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर ती सक्ती सैल करावी लागली. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि त्याच्या बळावर पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांना घरांत शिरून झडती घ्यायला लावले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर कसा झाला, ते सर्वांना माहीत आहे. पण त्या काळातली दुसरी बाजू आपण कमी सांगतो. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून शिपायांच्या वर्तनावर कठोर टीका केली आणि त्याच वेळी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यासाठी ते स्वतः राबले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. उपाय हवेत आणि ते करण्याची रीत मात्र ही नको, ही भूमिका एकाच वेळी घेता येते, हे त्या पिढीने दाखवले होते. बखरवाचक यांनी मागितलेली मुदत त्याच भूमिकेत बसते, असे मला वाटते.

पिंपळपार

रानवाट यांची तुलना मला मान्य नाही, आणि ती सौम्य शब्दांत नाकारणेही मला योग्य वाटत नाही. रँडची समिती परक्या सत्तेची होती. तिला लोकांनी निवडलेले नव्हते. २०२० मध्ये कोणाच्या देवघरात शिपाई शिरला नाही, सरकार लोकांनी निवडलेले होते आणि न्यायालये चालू होती. शिवाय देशव्यापी टाळेबंदी १८९७ च्या कायद्याने नव्हे, तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने लागू झाली. त्या कायद्यात आपद्ग्रस्तांना निवारा, अन्न, पाणी आणि वैद्यकीय मदत यांचे किमान निकष ठरवून द्यावेत, अशी तरतूद आहे. इंग्रजांच्या कायद्यात असे एक अक्षरही नव्हते.

परिचारिका ताईंनी जे लिहिले ते वाचून मला लाज वाटली. आमच्या गटावरही त्या चित्रफिती आल्या होत्या आणि मी त्यांच्यावर काही बोललो नव्हतो.

रानवाट

सरकार परके नव्हते, हे खरे. म्हणूनच अपेक्षा अधिक होती. २००५ च्या कायद्यात ते निकष आहेत हे आपण सांगितलेत. मग ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयात केंद्राच्या वतीने, आज सकाळी अकरा वाजता रस्त्यावर कोणीही चालत नाही, असे सांगितले गेले, आणि खोट्या बातम्यांमुळे लोक घाबरून निघाले असा दोष दिला गेला, याची संगती कशी लावायची? लोक भुकेने आणि भाडे देता येत नाही म्हणून निघाले होते. अफवाही होत्या, पण फक्त अफवेवर कोणी लहान मूल खांद्यावर घेऊन शेकडो किलोमीटर चालायला लागत नाही. पुढे सप्टेंबरमध्ये संसदेत सरकारने सांगितले की, एक कोटीहून अधिक श्रमिक आपापल्या राज्यांत परतले, पण वाटेत किती मेले याची नोंद उपलब्ध नाही. निवडलेल्या सरकारकडून आपण निदान मोजणीची अपेक्षा तरी करू शकतो.

पिंपळपार

मोजणीच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गाड्या थांबवण्याचा निर्णय मात्र त्या दिवशीच्या माहितीवर योग्य होता, या मतावर मी ठाम आहे. माझा आक्षेप एवढाच होऊ शकतो की, थांबवलेल्या माणसाला त्याच दिवशी मजुरी आणि शिधा हाती द्यायला हवा होता. तांबडमाती यांना एक विचारतो. निवाऱ्यात आलेल्यांना नेमके काय हवे होते? घरी जाणे, की पोटभर अन्न आणि कामाची हमी?

तांबडमाती

आमच्या शाळेत दोनशेच्या आत माणसे होती. नोंदवहीत नाव, वय, मूळ गाव, भ्रमणध्वनी आणि शेरा असे रकाने होते. शेऱ्यात आम्ही आजार लिहायचा होता, पण पहिल्या दिवशी बहुतेकांनी तिथे स्वतःच ‘घरी जायचे आहे’ असे सांगून लिहायला लावले. जेवण दोन वेळचे मिळत होते, तरी ते बदलले नाही. मे महिन्यात श्रमिक गाड्यांसाठी अर्ज आणि वैद्यकीय प्रमाणपत्रे गोळा करायची वेळ आली, तेव्हा आम्ही तीच वही उघडली. त्यातले काही जण त्याआधीच रात्री भिंतीवरून उड्या टाकून निघून गेले होते.

८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे, गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे रुळांच्या कडेने चालत निघालेले. बातमी आली तेव्हा मी कार्यालयातच होतो. आम्ही ती वही काढून निघून गेलेल्यांची नावे वर्तमानपत्रातल्या नावांशी ताडून पाहिली. आमच्यातले कोणी नव्हते. त्या दुपारी ज्यांचे क्रमांक लिहून घेतले होते त्या सगळ्यांना आम्ही फोन लावत बसलो. अर्ध्यांहून अधिक क्रमांक बंद होते.